झवेरी बाजारातला केर

दक्षिण मुंबईत मुंबादेवीच्या देवळाभोवतीच्या गल्ल्यांमध्ये दुकाने उघडण्यापूर्वी एक वेगळीच झाडलोट चालते. हातातल्या ब्रशने फरशांच्या फटींतील माती उकरून ती घमेल्यात भरणारी माणसे या वेळी शेख मेमन स्ट्रीट, धनजी स्ट्रीट, विठ्ठलवाडी या परिसरात दिसतात. ती महापालिकेची सफाई कामगार नव्हेत. त्यांनी गोळा केलेला केर कचराकुंडीत जात नाही. तो चाळला जातो, धुतला जातो, जाळला जातो आणि अखेर मुशीत वितळवला जातो. त्यातून निघणारे सोने पुन्हा त्याच बाजारात विकले जाते.

औद्योगिक कचऱ्याचा पुनर्वापर, चक्रीय अर्थव्यवस्था हे शब्द अलीकडे परिसंवादांमधून सातत्याने कानी पडतात. वस्तू बनवा, वापरा आणि फेकून द्या या सरळ रेषेऐवजी एका उद्योगातील टाकाऊ माल दुसऱ्याचा कच्चा माल व्हावा, हा त्यामागील विचार. पोलाद, ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या कारखान्यांसाठी त्याचे आराखडे आखले जातात, धोरणे जाहीर होतात. झवेरी बाजारात मात्र हे वर्तुळ कोणी न आखताच, कित्येक पिढ्यांपूर्वी पूर्ण झाले. अर्थात ते पूर्ण झाले आहे ते धातूपुरतेच. धातू वेगळा करताना जे तेजाब, जो धूर आणि जे शिसे लागते किंवा निर्माण होते, त्याचा परतीचा मार्ग अद्याप कोणी शोधलेला नाही.

झारेकरी, धूळधोया, न्यारिया

सोनाराच्या भट्टीतील राख आणि दुकानातील केर धुऊन त्यातील सोने-चांदी काढणाऱ्याला मराठीत झारेकरी म्हणतात. जुन्या शब्दकोशांत हा शब्द सापडतो. बोलण्यातून मात्र तो जवळजवळ गेला आहे. गुजरातीत याच माणसाला धूळधोया, तर हिंदीत न्यारिया म्हणतात. न्यारा म्हणजे वेगळा; मातीपासून धातू वेगळा करणारा तो न्यारिया. बाजारात पेढी बहुधा गुजराती किंवा मारवाडी माणसाची, कारागीर मोठ्या संख्येने पश्चिम बंगालमधील आणि गलाईच्या भट्टीवर मराठी माणूस, अशी भाषांची सरमिसळ असल्याने हिंदी शब्दच अधिक चालतो.

सोनाराच्या जागेतील कणाकणाचा हिशेब ठेवण्याची गरज फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुवर्णाध्यक्षाच्या देखरेखीखालील अक्षशाळेचे वर्णन येते. तेथे येणाऱ्या-जाणाऱ्या कारागिरांची झडती घ्यावी, त्यांची हत्यारे आणि अपुरे काम तेथेच ठेवून घ्यावे, असा नियम त्यात आहे. तुलाविषम, अपसारण, विस्रावण, पेटक आणि पिंक अशा सोने लंपास करण्याच्या पाच युक्त्याही नावानिशी नोंदवलेल्या आहेत. आजच्या कारखान्यांतही कारागीर बाहेर पडताना हात-पाय धुतो ते नळाखाली नव्हे, तर पिंपात. ते पाणी फेकले जात नाही. तळाशी साचलेला गाळ ठराविक दिवसांनी काढून ठेवला जातो.

सोने मऊ असते. त्याची तार जंतरातून ओढताना, कानस चालवताना, नक्षी कोरताना आणि शेवटी पॉलिशच्या चाकावर धरताना त्याचे अतिसूक्ष्म कण सुटतात. त्यांतील बरेचसे पाटाखालच्या खणात पडतात आणि लगेच उचलले जातात. उरलेले कारागिराच्या केसांत, कपड्यांत, नखांत अडकतात, सतरंजीत रुततात, पंख्याच्या वाऱ्याने भिंतींवर जाऊन बसतात. म्हणून कारखान्यातली कोणतीही वस्तू सरळ टाकून दिली जात नाही. झिजलेले पॉलिशचे चाक, वापरलेला घासकागद, फाटकी चिंधी, जुना झाडू, फुटकी मूस, सारे साठवले जाते. जुन्या इमारतीतील कारखान्याची लाकडी जमीन बदलायची झाली, तर त्या फळ्यासुद्धा जाळून त्यांची राख धुतली जाते.

कारखान्यातील हा केर मालकाच्या हक्काचा असतो आणि तो उक्ता विकला जातो. घेणारा वजन पाहत नाही. कारखान्यात वर्षभर किती आणि कोणत्या प्रकारचे काम झाले, याचा अंदाज घेऊन तो बोली लावतो. बांगड्यांच्या कारखान्याचा केर आणि खडे बसवणाऱ्याचा केर यांचे मोल सारखे नसते. रस्त्यावर आणि गटारात गेलेले कण मात्र कोणाच्याच मालकीचे नसतात. पहाटे घमेले घेऊन बसणारी माणसे या शेवटच्या वाट्यावर जगतात. त्यांचा दिवस कसा जाईल, हे आदल्या दिवशी वरच्या माळ्यांवर किती काम झाले आणि किती पाणी खाली वाहून आले, यावर अवलंबून असते.

धुण्याची क्रिया पाहताना सोपी वाटते. तिचे सारे रहस्य वजनात आहे. सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट, तर साध्या वाळूची जेमतेम अडीच ते पावणेतीन पट. केर आधी जाळून त्यातील कापूस, केस, मेण आणि लाकूड नाहीसे करतात. राख कुटून चाळतात, घमेल्यात पाण्याबरोबर गोल फिरवतात. हलकी माती काठावरून ओघळून जाते, जड कण तळाशी राहतात. अगदी बारीक कण पाण्यावर तरंगून निसटू नयेत म्हणून अनेक ठिकाणी पारा वापरण्याची पद्धत आहे. पारा सोन्याला धरून ठेवतो, आणि पुढे तापवला की वाफ होऊन उडून जातो. उडून जातो म्हणजे जवळ बसलेल्याच्या श्वासात जातो. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. घमेल्यापर्यंत अशा करारांची वार्ता पोहोचण्यास वेळ लागतो.

धुऊन उरलेला काळसर चिखल टाकणखार आणि शिसे घालून मुशीत वितळवतात. शिसे सोने-चांदीला आपल्यात ओढून घेते, बाकीची घाण काचेसारख्या मळीत वर येते. नंतर ते शिसे भट्टीच्या हवेत जाळून टाकले की हाती लहानसा गोळा उरतो. तो शुद्ध सोन्याचा नसतो. त्यात चांदी असते, तांबे असते. येथे झारेकऱ्याचे काम संपते आणि गलाईवाल्याचे सुरू होते.

दुष्काळी तालुक्यांतील भट्टीवाले

गलाई म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा. या धंद्यात सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव आणि साताऱ्यातील माण-खटाव या भागांतील माणसांनी असा जम बसवला आहे की, काश्मीरपासून केरळपर्यंत सराफ बाजार असलेल्या गावात गलाईचे दुकान शोधले, तर पाटीवर विटे परिसरातील आडनाव आढळण्याचा संभव दाट. पर्जन्यछायेतील हे तालुके. शेती बेभरवशाची, त्यामुळे एका पिढीतील कोणी परगावी भट्टीवर कामाला गेला, हात बसल्यावर त्याने स्वतःचे दुकान टाकले, मग गावातील पुतण्या-भाच्यांना बोलावून घेतले. नात्यागोत्यातून पसरलेल्या या धंद्याला सरकारी प्रशिक्षण मिळाले नाही, भांडवलही फारसे बाहेरून आले नाही. यात्रेला किंवा लग्नसराईला ही मंडळी गावी येतात, तेव्हा तमिळ, तेलुगू, पंजाबी सफाईने बोलणारी मुले विट्याच्या बाजारपेठेत भेटतात. झवेरी बाजारातील गलाईची दुकाने याच विस्तृत जाळ्याचा एक भाग आहेत.

दुकान म्हणजे बहुतेकदा दहा बाय बाराची खोली. एका बाजूला भट्टी, दुसरीकडे तेजाबाच्या बरण्या, मध्ये तराजू. येथे तीन प्रकारचा माल येतो. झारेकऱ्याचा गोळा, कारखान्यातील कापणी आणि कानशीचा चुरा, तसेच ग्राहकाने मोडीत घातलेले दागिने. आलेल्या मालाचा आधी टंच काढतात, म्हणजे त्यात सोन्याचा अंश किती ते ठरवतात. पूर्वी कसोटीचा दगड आणि अनुभवी डोळा यांवर हे काम चाले; आता क्ष-किरणांच्या यंत्रावर काही सेकंदांत आकडा उमटतो. दगड मात्र अद्याप गल्ल्याच्या खणात असतो.

चांदी, तांबे आणि लोखंड

पुढची क्रिया रसायनशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात शोभावी अशी आहे. शोऱ्याच्या तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात चांदी व तांबे विरघळतात, सोने विरघळत नाही. परंतु सोन्याचे प्रमाण जास्त असेल, तर आतील चांदी-तांब्यापर्यंत तेजाब पोहोचू शकत नाही. त्यामुळे शुद्ध करण्यासाठी आधी सोने अशुद्ध करावे लागते. मिश्रणात सोने एक भाग आणि इतर धातू तीन भाग होतील इतकी चांदी त्यात मिसळतात. २२ कॅरेटच्या १० ग्रॅम दागिन्यात साधारण ९.१६ ग्रॅम सोने असते. त्यासाठी सुमारे २७ ग्रॅम चांदी लागते. हे मिश्रण वितळवून पाण्यात ओतले की त्याचे पोकळ दाणे होतात. ते तेजाबात टाकून तापवले की तांबूस-तपकिरी वाफा उसळतात आणि तळाशी विटकरी रंगाची भुकटी राहते. ती धुऊन, टाकणखाराबरोबर १०६४ अंशांपलीकडे तापवली की पिवळेधमक सोने मुशीतून बाहेर येते. याहून अधिक शुद्धता हवी असेल, तर मिठाचे आणि शोऱ्याचे आम्ल ३:१ प्रमाणात मिसळून केलेल्या अम्लराजात सोनेच विरघळवून पुन्हा खाली बसवतात.

सोने निघाले तरी काम संपत नाही. मिसळलेली २७ ग्रॅम चांदी आता द्रावणात आहे आणि ती सोडून देणे परवडणारे नसते. त्या द्रावणात तांब्याचे पत्रे सोडतात. तांबे विरघळू लागते आणि त्याच्या जागी चांदी करड्या गाळाच्या रूपाने खाली बसते. एक ग्रॅम तांबे सुमारे ३.४ ग्रॅम चांदी मोकळी करते. ही चांदी गाळून पुढच्या घाण्यात पुन्हा वापरली जाते. आता द्रावण निळेशार झालेले असते, कारण त्यात तांबे उतरलेले असते. त्यात लोखंडाचा भंगार, जुने खिळे, पत्र्याचे तुकडे टाकतात. लोखंड विरघळते आणि तांबे लालसर चिखल होऊन बसते. तेही विकले जाते. पायधुणीचा तांबाकाटा तेथून हाकेच्या अंतरावर आहे. सोन्यासाठी चांदी, चांदीसाठी तांबे, तांब्यासाठी लोखंड, अशी ही उतरंड आहे. प्रत्येक पायरीवर स्वस्त धातू देऊन महाग धातू परत घेतला जातो.

शेवटच्या पायरीवर उरते ते लोखंड विरघळलेले, आम्ल शिल्लक असलेले गढूळ पाणी. त्याला गिऱ्हाईक नाही. चुना घालून ते निवळवावे, गाळ वेगळा करून अधिकृत ठिकाणी पाठवावा, अशी शास्त्रीय रीत आहे. दहा बाय बाराच्या खोलीत तिला जागा कोठून मिळणार, हा प्रश्न उरतोच. मोरी मात्र प्रत्येक खोलीत असते.

या भट्टीवर केवळ सराफ बाजाराचाच माल येतो असे नाही. गिरगाव, दादर, परळच्या चाळींमधून एके काळी जुनी जरी विकत घेणारे फेरीवाले हमखास फिरत. जीर्ण झालेल्या शालू-पैठण्या त्यांच्याकडे जात, कारण जुनी अस्सल जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. कापड जाळले की चांदी उरे. एक्स-रेच्या जुन्या फिल्मवरही चांदीचा थर असतो. रुग्णालयांतून निघालेल्या फिल्मचे गठ्ठे त्यासाठीच विकत घेतले जात. जर आता बहुतांशी नकली झाली, एक्स-रे संगणकावर गेला आणि चांदीचे हे दोन्ही झरे आटत चालले. त्यांच्या जागी मोबाईल व संगणकाचे सर्किट बोर्ड आले आहेत. मात्र ई-कचऱ्याच्या नियमांनुसार हे काम नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण कारखान्यांतच व्हायला हवे, गल्लीतील तेजाबाच्या बरणीत नव्हे. लालबागच्या राजाला भाविकांनी अर्पण केलेल्या दागिन्यांचा दरवर्षी लिलाव होतो. त्यांतील काही दागिने घेणारा श्रद्धेने जपून ठेवतो, तर मोडीत निघालेले कोणतेही सोने कधी ना कधी अशाच एखाद्या मुशीतून जाते. मुशीत गेल्यावर ते देवाचे होते की सावकाराचे, हे कोणालाही सांगता येत नाही.

खाणीपेक्षा मोठी खाण

कर्नाटकातील कोलारची सोन्याची खाण फेब्रुवारी २००१ मध्ये बंद झाली. त्यानंतर देशातील खाणींचे वार्षिक उत्पादन अगदी थोडेच राहिले आहे. याउलट जागतिक सुवर्ण परिषदेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२१ या वर्षात भारतात ७५ टन सोन्याचे पुनर्चक्रीकरण झाले आणि चीन, इटली व अमेरिकेनंतर जगात भारताचा क्रमांक चौथा लागला. या आकड्यात मोठा वाटा मोडीच्या दागिन्यांचा आहे. केरातून निघणारे सोने त्या मानाने थोडे. तरीही देशाची गरज प्रामुख्याने आयातीवर भागत असताना आणि तिच्यासाठी परकीय चलन मोजावे लागत असताना, घरातील सोने घरातच फिरवणाऱ्या या भट्ट्यांचे मोल कमी नाही. खाणीत एक टन दगड फोडून काही ग्रॅम सोने हाती लागते, हे लक्षात घेतले तर विशेषच.

ग्राहकाच्या दृष्टीने याची आणखी एक बाजू आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. दागिना घडवताना सोनार घडणावळीबरोबर घट लावतो. काम करताना सोने वाया जाते, त्याची ही भरपाई. पण वाया गेलेल्या सोन्यातील बराचसा भाग खणातून, पिंपातून आणि विकलेल्या केरातून कारखान्याकडे परत येतो. म्हणजे ज्याचे पैसे ग्राहकाने मोजले, ते सोने नष्ट झालेलेच नसते. पुनर्प्राप्तीला खर्च येतो, सारे सोने परत मिळत नाही, हा सराफांचा युक्तिवाद खोटा नाही. पॉलिशच्या चाकाला शोषक यंत्र आले, ओतकाम यंत्रावर होऊ लागले, तरी घटीची टक्केवारी त्या प्रमाणात खाली आली काय, हे विचारण्याचा अधिकार ग्राहकाला निश्चितच आहे.

केडीएमचा वारसा

१९८० आणि ९० च्या दशकांत ज्या मध्यमवर्गीय घरांत लग्नकार्ये झाली, त्यांना केडीएम हा शब्द परिचित असेल. दागिन्याचे सुटे भाग जोडण्यासाठी जो डाख देतात, त्यात पूर्वी तांबे व चांदी अधिक असे. त्यामुळे दागिना मोडताना सांध्यांपायी सोन्याचा अंश घटत असे. सोन्यात सुमारे ८ टक्के कॅडमियम मिसळून केलेल्या डाखाने ही अडचण दूर झाली. सांध्यातही ९२ टक्के सोने राहू लागले आणि केडीएम ही शुद्धतेची खूण म्हणून दुकानांच्या पाट्यांवर झळकली.

कॅडमियम ७६७ अंश सेल्सियसला उकळते. सोने वितळायच्या कितीतरी आधीच त्याची वाफ होते. ही वाफ फुप्फुसांना सूज आणते, दीर्घकाळ शरीरात गेल्यास मूत्रपिंडे निकामी करते आणि तिचा समावेश कर्करोगकारक पदार्थांत झालेला आहे. हॉलमार्किंगच्या व्यवस्थेत कॅडमियमला थारा राहिला नाही. १६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाला, १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांक आला आणि केडीएम हा शब्द पाट्यांवरून उतरला. ग्राहकासाठी विषय संपला.

गलाईवाल्यासाठी तो संपलेला नाही. त्या काळात घडलेले दागिने आता मोडीत येत आहेत. आजीच्या पाटल्या, आईचा तोडा मुशीत पडला की, तीस वर्षांपूर्वी सांध्यात बंद झालेले कॅडमियम आज मोकळे होते आणि भट्टीसमोर बसलेल्या माणसाच्या छातीत जाते. ज्या कारागिराने तो डाख दिला, त्याने एकदा ती वाफ घेतली. मोडणारा दुसऱ्यांदा घेतो. धातूच्या पुनर्वापराबरोबर जुन्या विषाचाही पुनर्वापर होतो, ही गोष्ट चक्रीय अर्थव्यवस्थेच्या आकृत्यांत सहसा दाखवलेली नसते.

तेजाबाच्या वाफांचा धोका आणखी फसवा. तपकिरी दिसणारा नायट्रोजन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत खालीच साचतो. तो छातीत गेल्यावर प्रारंभी केवळ खोकला येतो, थोड्या वेळाने बरेही वाटते. काही तासांनंतर, अनेकदा रात्री घरी गेल्यावर, फुप्फुसांत पाणी होऊ लागते. पंखा, उघडी खिडकी आणि तोंडाला बांधलेला रुमाल एवढाच बंदोबस्त असलेल्या खोलीत रोज दहा-बारा तास घालवणाऱ्यांच्या प्रकृतीची पद्धतशीर नोंद ठेवणारी यंत्रणा या बाजारात नाही. अनेक कारागीर जेथे काम करतात तेथेच झोपतात.

सोन्याच्या कणांसाठी जिवावर बेतल्याचे ताजे उदाहरण जयपूरचे आहे. मे २०२५ मध्ये तेथील सीतापुरा औद्योगिक वसाहतीतील दागिन्यांच्या एका कारखान्यात सांडपाण्याच्या टाकीतील गाळातून सोने-चांदीचे कण काढण्यासाठी कामगारांना उतरवण्यात आले आणि त्यांतील चौघे विषारी वायूने मृत्युमुखी पडले. गटारे आणि मैलाटाक्यांच्या धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. मुंबईच्या गल्लीत स्वतःहून गटाराचे झाकण उचलणारा घमेलेवाला मात्र सफाई करीत नसतो, तो कोणाचा नोकरही नसतो. त्यामुळे त्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर येत नाही.

धुरांड्यांचा वाद

काळबादेवी आणि भुलेश्वर हा निव्वळ बाजार नाही. वरच्या मजल्यांवर आजही कुटुंबे राहतात, शेजारी देवळे आहेत, शाळा आहेत. भट्ट्यांच्या धुराबद्दल आणि डोळे चुरचुरणाऱ्या वाफांबद्दल रहिवाशांच्या तक्रारी कित्येक वर्षांच्या आहेत. मुळात या इमारती जुन्या, पुष्कळशा लाकडी सांगाड्याच्या. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतील गोकुळ निवास या इमारतीला लागलेल्या आगीत अग्निशमन दलाच्या चार अधिकाऱ्यांचा बळी गेला. तेव्हापासून या दाट वस्तीत काय साठवावे आणि काय साठवू नये, हा प्रश्न पुन्हा पुन्हा ऐरणीवर येतो.

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील हवेच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर महापालिकेच्या सी विभागाने धनजी स्ट्रीट आणि परिसरातील सोने-चांदी गाळणाऱ्या काही भट्ट्यांची धुरांडी काढून टाकली. सोन्याचा धूर निघणे म्हणजे वैभव, असे मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आला. येथे तो शब्दशः निघत होता आणि तो बंद करण्यासाठी पथक पाठवावे लागले. कारवाई आवश्यक होती यात शंका नाही. परंतु धुरांडे काढल्याने भट्टी विझत नाही. धूर शेजाऱ्याच्या खिडकीऐवजी कारागिराच्या खोलीत कोंडला जाण्याचीच शक्यता अधिक. वाफा क्षाराच्या पाण्यातून फिरवून निष्प्रभ करणारे स्क्रबर उपलब्ध आहेत, ते लहान आकारातही मिळतात. एकेका भट्टीला ते परवडत नसतील, तर पाच-दहा भट्ट्यांनी मिळून एक बसवता येईल. त्यासाठी आधी या भट्ट्यांना अधिकृत उद्योग म्हणून मान्यता मिळायला हवी, आणि निवासी इमारतीत ती मिळत नाही. अडचणीची गाठ येथे आहे.

बाजार हलवावा, हा दुसरा तोडगा. हिऱ्यांचा व्यापार २०१० मध्ये ऑपेरा हाऊसकडून वांद्रे-कुर्ला संकुलाकडे वळला. दागिन्यांसाठी नवी मुंबईत महापे येथे इंडिया ज्वेलरी पार्कची योजना जेम अँड ज्वेलरी एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिलने हाती घेतली आहे. मोठे निर्यातदार तेथे जातील. पण गलाईचा धंदा अंतरावर चालत नाही. सकाळी आलेले मोडीचे सोने संध्याकाळपर्यंत शुद्ध होऊन पेढीवर परत गेले पाहिजे, ही त्याची अट आहे. लाखो रुपयांचा माल खिशात घालून माणूस दोन गल्ल्या चालत जाईल. खाडीपलीकडे रोज जाणार नाही.

अंधेरीच्या सीप्झमधील निर्यात कारखान्यांत याचे आधुनिक रूप पाहायला मिळते. तेथे प्रत्येक पाटाला शोषक नळी असते, हात धुण्याचे पाणी गाळण यंत्रातून जाते, कारागिराचे कामाचे कपडे कारखान्यातच धुतले जातात आणि त्या धुण्याच्या पाण्यातील कणही वेगळे काढले जातात. तेजाबाची वाफ स्क्रबरमधून जाते, सांडपाणी तपासून सोडले जाते. वर्तुळ तेथे अधिक घट्ट आवळलेले आहे. त्या कारखान्यांच्या फाटकाबाहेर पहाटे घमेले घेऊन कोणी बसत नाही, कारण रस्त्यावर काहीच येत नाही.